पोस्टपेड सोडून प्रीपेड घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या बिलाऐवजी आगाऊ रिचार्ज करावा का, आणि तसे ठरवल्यास जुना क्रमांक, बँकेचे व्यवहार व घरातील इतर जोडण्या यांचे काय होते, याविषयी वाचक सातत्याने पाठवतात ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे भारतातील नियमांना धरून आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसरीकडे पुन्हा दिलेली नाही, तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पोस्टपेड आणि प्रीपेड यांत नेमका फरक काय? प्रीपेडला करार नसतो म्हणजे काय?

पोस्टपेडमध्ये सेवा आधी वापरली जाते आणि बिल नंतर येते, तर प्रीपेडमध्ये पैसे आधी भरले जातात आणि तेवढ्याच मुदतीपुरती सेवा मिळते. त्यामुळे प्रीपेड ग्राहकाकडे कंपनीची थकबाकी राहत नाही, अनामत रक्कम अडकत नाही आणि मुदत संपल्यावर पुढचा रिचार्ज त्याच कंपनीचा करण्याचे बंधनही नसते. हे स्वातंत्र्य खरे आहे, पण त्याबरोबर एक जबाबदारी ग्राहकाकडे येते. पोस्टपेडचे बिल भरायला दोन दिवस उशीर झाला तरी फोन सहसा चालू राहतो. प्रीपेडची मुदत संपली की त्याच रात्री आउटगोइंग आणि इंटरनेट बंद होते. तारीख लक्षात ठेवण्याची किंवा कोणीतरी आठवण करून देण्याची व्यवस्था असेल तरच प्रीपेड घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. प्रीपेड खरोखर स्वस्त पडते का? जाहिरातीत तर दोन्हींचे दर जवळपास सारखेच दिसतात.

जाहिरातीतील आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, कारण प्रीपेड रिचार्जच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तर पोस्टपेडच्या जाहीर भाड्यावर तो बिलात वेगळा लागतो. समजा, पोस्टपेडचे भाडे ४४९ रुपये आहे. करासह ते ५२९ रुपये ८२ पैसे होते आणि वर्षाचा खर्च सुमारे ६,३५८ रुपयांवर जातो. आता समजा, २८ दिवसांचा प्रीपेड पॅक ३४९ रुपयांना आहे. एका वर्षात असे बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात, म्हणजे ३६४ दिवसांचे ४,५३७ रुपये होतात. तुलना नेहमी अशी वर्षाच्या किंवा दिवसाच्या हिशोबाने करावी, महिन्याच्या हिशोबाने नव्हे.

दुसरा फरक डेटाचा आहे आणि तो अनेकांच्या लक्षात उशिरा येतो. प्रीपेडमध्ये बहुतेक पॅक रोज दीड किंवा दोन जीबी असे देतात. त्या दिवशी न वापरलेला डेटा मध्यरात्री संपतो, आणि कोटा ओलांडला तर वेग इतका उतरतो की साधा नकाशाही उघडत नाही. पोस्टपेडमध्ये महिन्याचा डेटा एकत्र मिळतो आणि अनेक योजनांत उरलेला पुढच्या महिन्यात जमा होतो. आठवडाभर घरच्या वायफायवर असणारा आणि रविवारी गावी जाऊन हॉटस्पॉटवर पाच-सहा जीबी वापरणारा ग्राहक कागदावर ४२ जीबी मिळूनही प्रीपेडमध्ये अडचणीत येतो. पोस्टपेडबरोबर मिळणारी चित्रपट-मालिकांच्या ॲपची वर्गणीही बंद होते. ती खरोखर पाहिली जात असेल, तर तिची किंमत हिशोबात धरावी.

३. प्रीपेड केल्यावर क्रमांक बदलतो का? आधार, बँक, गॅस सिलिंडर सगळीकडे पुन्हा नोंद करावी लागेल का?

क्रमांक तोच राहतो. त्यामुळे आधार, बँक, पॅन, गॅस किंवा शाळेच्या नोंदीत काहीही बदलावे लागत नाही. यूपीआयबाबत मात्र प्रश्न ८ पाहावा.

४. कंपनी न बदलता प्रीपेड कसे करायचे? पुन्हा फोटो आणि कागदपत्रे द्यावी लागतात का?

सप्टेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने ही पद्धत सोपी केली. त्याआधी नवा ग्राहक असल्याप्रमाणे सगळी ओळख-पडताळणी पुन्हा करावी लागत असे. आता कंपनीच्या ॲपवर, संकेतस्थळावर किंवा गॅलरीत (कंपनीच्या दालनात) विनंती नोंदवून मोबाइलवर आलेला ओटीपी दिला, की जुन्याच कागदपत्रांच्या आधारे बदल होतो. बदलाच्या वेळी सेवा थोड्या वेळासाठी खंडित होते, म्हणून तातडीचा फोन किंवा पैशांचा व्यवहार अपेक्षित असेल तेव्हा ही विनंती करू नये. पहिला रिचार्ज कोणता करायचा हे आधीच ठरवून ठेवावे, कारण प्रीपेड झालेल्या क्रमांकावर पॅक नसेल तर सेवा सुरूच होत नाही. विनंतीआधी थकबाकी भरलेली असावी.

५. कंपनीही बदलायची आहे. आधी प्रीपेड करून मग पोर्ट (तोच क्रमांक ठेवून कंपनी बदलणे) करावे, की थेट पोर्ट करावे?

थेट पोर्ट करावे. पोस्टपेड क्रमांक दुसऱ्या कंपनीत प्रीपेड म्हणून नेता येतो, त्यामुळे दोनदा खटपट करण्याचे कारण नाही. त्यासाठी इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक मोकळी जागा आणि आपला दहा अंकी क्रमांक असा संदेश १९०० वर पाठवावा. उत्तरात आठ अक्षर-अंकांचा पोर्टिंग कोड येतो. महाराष्ट्र, गोवा आणि देशाच्या बहुतेक भागांत तो चार दिवस चालतो. तेवढ्यात नव्या कंपनीकडे ओळखपत्रासह अर्ज द्यावा.

कोड मिळण्याच्या अटी डिसेंबर २०१९ पासून संदेश पाठवतानाच तपासल्या जातात. क्रमांक चालू होऊन किंवा मागच्या वेळी पोर्ट होऊन ९० दिवस झालेले असावेत. ज्या बिलाची मुदत उलटली आहे असे बिल थकलेले नसावे. करार असेल तर त्यातील बाहेर पडण्याच्या अटी पूर्ण केलेल्या असाव्यात. मालकी बदलण्याचा अर्ज किंवा न्यायालयीन वाद प्रलंबित नसावा. जुलै २०२४ पासून आणखी एक अट आहे : हरवलेल्या किंवा खराब झालेल्या सिमच्या जागी नवे घेतले असेल, तर पुढचे सात दिवस कोड मिळत नाही. सिम चोरांना दुसऱ्याचा क्रमांक पळवून नेता येऊ नये म्हणून ही अट घातली आहे, आणि ती योग्यच आहे.

६. पोर्ट व्हायला किती दिवस लागतात आणि त्या काळात फोन बंद राहतो का?

त्याच परिमंडळात, म्हणजे दूरसंचार सेवेच्या विभागात (प्रश्न ९), तीन कामाचे दिवस आणि वेगळ्या परिमंडळात पाच. तोवर जुने सिम चालू असते. बदल रात्री होतो आणि तेवढ्यापुरता काही तास फोन बंद राहतो. जुन्या सिमचे नेटवर्क गेले की नवे घालावे. विचार बदलल्यास अर्जानंतर २४ तासांच्या आत १९०० वरच संदेश पाठवून पोर्टिंग रद्द करता येते.

७. शेवटचे बिल, अनामत रक्कम आणि बँकेतून आपोआप कापले जाणारे पैसे यांचे काय?

या तीन गोष्टींत सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

बिलाच्या चक्राच्या मध्येच बदल केला, तर आधीच्या बिलानंतरच्या दिवसांचे एक शेवटचे बिल नंतर येते. पोर्टिंगच्या वेळी ते तयारच झालेले नसल्याने आड येत नाही, पण ते भरणे टाळता येत नाही. भरले नाही तर जुनी कंपनी नव्या कंपनीकडे कळवून तुमचा चालू क्रमांक बंद करवू शकते. अनेकांना वाटते की कंपनी सोडली म्हणजे हिशोब संपला. प्रत्यक्षात दोन महिन्यांनी अचानक फोन बंद पडतो आणि कारण शोधण्यात आठवडा जातो. शक्यतो बिल तयार झाल्यावर ते भरून लगेच बदल करावा, म्हणजे शेवटचे बिल लहान येते. शेवटच्या बिलाचा ई-मेल पत्ता बरोबर आहे ना, हेही आधी पाहावे.

अनामत रक्कम, विशेषतः परदेशातील रोमिंगसाठी भरलेली, आपोआप परत येईल असे गृहीत धरू नये. विनंती करतानाच ती मागावी, बँकेचा तपशील द्यावा आणि तक्रार क्रमांकासारखा विनंती क्रमांक जपून ठेवावा. काही कंपन्या ती शेवटच्या बिलात वळती करतात. तसे झाले असल्यास बिलात ती ओळ दिसली पाहिजे.

ऑटोपे मात्र ग्राहकानेच बंद करायचे असते. क्रेडिट कार्डावरील स्थायी सूचना, बँकेचा ई-मँडेट आणि यूपीआय ॲपमधील ऑटोपे अशा तिन्ही ठिकाणी पाहावे, कारण एका ठिकाणी रद्द केलेली परवानगी दुसरीकडे चालू राहू शकते. हे काम शेवटचे बिल भरून झाल्यावर करावे, त्याआधी नव्हे.

८. बदलानंतर यूपीआय आणि बँकेचे ओटीपी बंद पडतील का?

सिम तेच राहिले तर काहीही होत नाही. सिम बदलले तर यूपीआय ॲपमध्ये पुन्हा नोंदणी करावी लागते, कारण हे ॲप त्या विशिष्ट सिमशी जोडलेले असते. नोंदणी होताना फोनमधून एक साधा एसएमएस आपोआप बाहेर जातो. तुमच्या पॅकमध्ये एसएमएस नसतील आणि मुख्य खात्यात टॉकटाइमही नसेल, तर तो संदेश जातच नाही आणि ॲप फक्त 'पडताळणी अयशस्वी' असे सांगत राहते. पहिला रिचार्ज निवडताना त्यात एसएमएस आहेत याची खात्री करावी.

त्याच कंपनीत जुन्या सिमच्या जागी नवे घेतल्यास सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस येणे-जाणे बंद ठेवले जाते. या दिवसात गृहकर्जाचा हप्ता, प्रवेशशुल्क किंवा तिकिटाचे आरक्षण येणार नाही असा दिवस निवडावा.

९. सिम मुंबईचे आहे आणि मी आता पुण्यात राहतो. काही अडचण येईल का?

महाराष्ट्रात दोन वेगळी दूरसंचार परिमंडळे आहेत. मुंबई, नवी मुंबई, ठाणे-कल्याणचा पट्टा मुंबई परिमंडळात येतो आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसऱ्या परिमंडळात. पुण्यात बसून पुण्यातील दुकानात पोर्टिंगचा अर्ज दिला, तर ते वेगळ्या परिमंडळातील पोर्टिंग ठरते आणि पाच दिवस लागतात. जुलै २०१५ पासून अशी देशव्यापी सोय आहे. कंपनी बदलायची नसेल तर परिमंडळ बदलण्याचीही गरज नाही. देशांतर्गत रोमिंगसाठी आजच्या नेहमीच्या पॅकमध्ये वेगळे पैसे लागत नाहीत. मात्र रिचार्जचे दर पाहताना सिम ज्या परिमंडळाचे आहे तेथील दर पाहावेत, कारण काही पॅक परिमंडळानुसार बदलतात.

१०. घरातील चार क्रमांक एका फॅमिली प्लॅनमध्ये आहेत. त्यातील एकच प्रीपेड करता येईल का?

दुय्यम क्रमांक असेल तर येतो. तो आधी प्लॅनमधून वेगळा करून घ्यावा लागतो. मुख्य क्रमांक, म्हणजे ज्याच्या नावावर बिल येते तो, प्रीपेड करायचा असेल तर काळजी घ्यावी, कारण त्याच्यावरच इतरांचा प्लॅन उभा असतो. अशा वेळी आधी दुसऱ्या क्रमांकाला मुख्य करून घ्यावे, ते झाल्याचा संदेश आल्यावरच पुढे जावे. एक क्रमांक कमी झाल्यावर उरलेल्यांचे भाडे प्रत्येकी किती पडते, हाही हिशोब करावा. कधी कधी चारही जण प्रीपेड झाले तर बचत होते, पण एकटाच बाहेर पडला तर होत नाही.

११. नोकरीच्या ठिकाणी मिळालेला क्रमांक राजीनामा दिल्यावर स्वतःच्या नावाने प्रीपेड करता येईल का?

तो क्रमांक संस्थेच्या नावावर असल्याने संस्थेचे संमतीपत्र अनिवार्य आहे. ते राजीनाम्याच्या सूचनाकाळातच मागावे. शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि ओळखपत्र परत करताना हा विषय काढला तर पत्र मिळायला आठवडे जातात, आणि तोवर बँकेचे ओटीपी ज्यावर येतात तो क्रमांक बंद झालेला असतो.

१२. क्रमांक वडिलांच्या नावावर आहे, वापरतो मी. त्यांचे निधन झाले असेल तर?

वडील हयात असतील तर सर्वात सोपा मार्ग म्हणजे त्यांनी स्वतः ओटीपी व संमती देऊन मालकी बदलून द्यावी. निधन झाले असल्यास मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि स्वतःचे ओळखपत्र घेऊन गॅलरीत मालकी बदलण्याचा अर्ज द्यावा. क्रम महत्त्वाचा आहे : आधी मालकी, मग प्रीपेड किंवा पोर्टिंग. मालकीचा अर्ज प्रलंबित असताना पोर्टिंगचा कोड मिळत नाही (प्रश्न ५). एका व्यक्तीच्या नावावर देशाच्या बहुतेक भागांत जास्तीत जास्त नऊ जोडण्या असू शकतात. आपल्या नावावर किती आहेत हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते.

१३. २८ दिवसांचा पॅक घ्यावा की वर्षाचा?

तारीख विसरणाऱ्यांसाठी वर्षाचा पॅक सर्वात सुरक्षित, आणि दरवाढीपासूनही तो वाचवतो. जुलै २०२४ च्या सुरुवातीला तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा ज्यांचा लांब मुदतीचा पॅक चालू होता त्यांना ती मुदत संपेपर्यंत जुन्याच दरात सेवा मिळाली. त्याची दुसरी बाजू अशी की मध्येच कंपनी बदलली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून नव्या कंपनीत आल्यावर पहिला पॅक लहानच घ्यावा. घरात, कामाच्या जागी आणि गावी नेटवर्क कसे आहे हे पाहावे, आणि मगच वर्षाचे पैसे भरावेत. दर महिन्याच्या ठरावीक तारखेलाच रिचार्ज हवा असेल तर तसा एक तरी पॅक, तसेच ३० दिवसांचाही पॅक ठेवणे २०२२ पासून प्रत्येक कंपनीला बंधनकारक आहे. तो दुकानदार सांगत नाही, विचारावा लागतो.

१४. आईला फक्त बोलायचे असते. इंटरनेटचे पैसे का भरावेत?

भरण्याची गरज नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणे सक्तीचे केले आणि जानेवारी २०२५ पासून ते बाजारात आले. विशेष पॅकची कमाल मुदतही तेव्हाच ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. ज्येष्ठांसाठी वर्षाचा कॉल-एसएमएस पॅक मला सर्वात योग्य वाटतो. त्यांच्या फोनमधील मोबाइल डेटा बंद करून ठेवावा, म्हणजे मुख्य खात्यातील टॉकटाइम नकळत कापला जात नाही.

१५. रिचार्ज संपल्यावर क्रमांक लगेच दुसऱ्याला दिला जातो का?

लगेच नाही. ट्रायच्या २०१३ च्या नियमानुसार सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तरच प्रीपेड क्रमांक बंद करता येतो. त्यानंतरही मुख्य खात्यात किमान २० रुपये असतील तर ते कापून क्रमांक ३० दिवसांसाठी राखला जातो, आणि शिल्लक असेपर्यंत असे पुन्हा पुन्हा होते. क्रमांक बंद झाल्यावरही १५ दिवसांच्या आत २० रुपये भरून तो परत चालू करता येतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पॅकचे पैसे मुख्य खात्यात जमा होत नाहीत. पॅक घेतला की ते खर्च झाले. २० रुपयांची शिल्लक राहण्यासाठी वेगळा टॉकटाइमचा टॉप-अप करावा लागतो. शंभर-दोनशे रुपयांचा टॉप-अप कायम ठेवणे ही क्रमांक जपण्याची सर्वात स्वस्त सोय आहे. मात्र क्रमांक राखलेला असणे आणि फोन चालू असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आउटगोइंगसाठी पॅक लागतोच. आपत्कालीन ११२ हा क्रमांक रिचार्ज नसतानाही लागतो.

१६. मी परदेशात राहतो. भारतातील पोस्टपेड क्रमांक फक्त बँकेच्या ओटीपीसाठी ठेवला आहे. प्रीपेड करावा का?

बहुतेकांच्या बाबतीत होय. दरमहा बिल भरून महिन्यात दोन ओटीपी घेण्यापेक्षा लांब मुदतीचा प्रीपेड पॅक आणि थोडी शिल्लक पुरेशी असते. जाण्यापूर्वी रोमिंग सुरू करून घ्यावे आणि परदेशात त्या सिमचा डेटा बंद ठेवावा. बदलासाठीचा ओटीपी त्याच क्रमांकावर येत असल्याने हे काम भारतभेटीत उरकणे सोयीचे. पोर्टिंगला तर प्रत्यक्ष ओळख-पडताळणी लागते.

पोस्टपेड क्रमांक काही महिने नुसता राखून ठेवण्याचीही सोय आहे. तिचे शुल्क दर तीन महिन्यांना १५० रुपयांपेक्षा जास्त असू शकत नाही. पण त्या काळात सेवा बंद असते, त्यामुळे ओटीपी येत नाहीत. ज्यांना ओटीपीच हवेत त्यांच्या ती उपयोगाची नाही.

१७. प्रीपेडला बिल मिळत नाही. मग कार्यालयाला काय द्यायचे?

रिचार्जची पावती कंपनीच्या ॲपमधून मिळते आणि बहुतेक कार्यालयांना ती चालते. कॉलचा तपशील हवा असेल तर मागील सहा महिन्यांतील कोणत्याही काळाचा तो मागता येतो. त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त आकारता येत नाहीत. मात्र व्यवसायाच्या जीएसटी क्रमांकावर कराची वजावट घ्यायची असेल, तर पोस्टपेडच सोयीचे. अशा व्यावसायिकांना मी सहसा बदल सुचवत नाही.

१८. प्रीपेड आवडले नाही तर परत पोस्टपेड कधी होता येते?

पूर्वी ९० दिवस थांबावे लागे. जून २०२५ च्या आदेशानुसार पहिल्यांदा परत फिरण्यासाठी ही मुदत ३० दिवस केली आहे. त्यानंतरच्या प्रत्येक बदलाला मात्र पुन्हा ९० दिवस. ही मुदत ओटीपीच्या सोप्या पद्धतीसाठी आहे. त्याआधीच परतायचे असेल तर गॅलरीत जाऊन नव्याने ओळख-पडताळणी करून तसे करता येते. चालू पॅकचे उरलेले दिवस त्यात वाया जातात, म्हणून मुदत संपत आल्यावरच परतावे.

१९. "तुमचे सिम प्रीपेड करून देतो, आलेला ओटीपी सांगा" असा फोन आला. तो कंपनीचाच असतो का?

ओटीपी, पोर्टिंगचा कोड किंवा ई-सिमचा क्यूआर कोड फोनवर कोणालाही देऊ नये, समोरच्याला तुमचे नाव, प्लॅन आणि बिलाची रक्कम माहीत असली तरीही. या तिन्हींपैकी एक जरी हाती लागले तरी क्रमांक दुसऱ्याच्या फोनमध्ये जाऊ शकतो आणि मग बँकेचे ओटीपी त्याला मिळतात. बदलाची विनंती नेहमी आपणच सुरू करावी. फोनचे नेटवर्क अचानक गेले आणि परत आले नाही, तर दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि मग कंपनीला कळवावे. पैसे गेले असल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० वर तक्रार द्यावी.

२०. प्रीपेड झाल्यावरही कंपनी बिल पाठवते आहे. दाद कोठे मागायची?

प्रथम कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, म्हणजे १९८ वर, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. बदल झाल्याचा संदेश, शेवटच्या बिलाची पावती आणि पहिल्या रिचार्जची पावती एवढी तीन कागदपत्रे पुरेशी असतात, म्हणून ती सहा महिने तरी जपावीत. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. या अपिलाला शुल्क नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे तेथे पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नये. त्यापुढे दूरसंचार विभागाचे तक्रार संकेतस्थळ, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग आहेत. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही असे पूर्वी सांगितले जाई. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जाता येते असा स्पष्ट निर्णय दिला आहे. वाद चालू असलेल्या बिलापैकी जो भाग तुम्हाला मान्य आहे तो भरून टाकावा आणि उरलेल्याबाबत लेखी हरकत घ्यावी.